तर्कशास्त्राला एक अपठित उतारा हवा

माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



आपल्याकडे रोज येणाऱ्या पत्रांत अनुदान, बदल्या, संचमान्यता आणि गळकी छपरं यांचीच गर्दी असणार. हे पत्र अशा एका विषयाबद्दल आहे, ज्याची तक्रार सहसा कोणी करत नाही, कारण त्यात मुलं फारशी नापास होत नाहीत. कला शाखेत अकरावी-बारावीला तर्कशास्त्र घेता येतं, हे बऱ्याच पालकांना ठाऊकच नसतं. ज्यांना ठाऊक असतं त्यांच्या लेखी तो ‘स्कोअरिंग’ विषय. सत्यता कोष्टकं आखायची, सिद्धतेच्या प्रत्येक पायरीसमोर नियमाची आद्याक्षरं लिहायची, चूक नसेल तर परीक्षकाला गुण कापायला जागाच नाही. मी हा विषय बरीच वर्षं शिकवला. ऐंशीपैकी पंचाहत्तरच्या पुढे गेलेली मुलं पाहिली, त्यांचे पेढे खाल्ले. त्यातल्याच एखाद्यासमोर वर्तमानपत्राचा अग्रलेख ठेवून विचारावं, ‘लेखकाचा निष्कर्ष कुठला आणि त्याला दिलेला आधार कुठला, बोट ठेवून दाखव’, तर ते बोट हवेतच फिरत राहतं.

दोष मुलांचा नाही. त्यांना हे कोणी विचारलेलंच नसतं.

गंमत अशी, की तर्कशास्त्र आपल्या बारावीत एकदा नाही, दोनदा येतं. गणिताच्या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण गणितीय तर्कशास्त्राचं आहे, विज्ञान शाखेतही आणि वाणिज्य शाखेतही. तिथेही तीच विधानं, तीच सत्यता कोष्टकं. फरक चिन्हांचा. कलेच्या पुस्तकात ‘जर-तर’साठी घोड्याच्या नालेसारखं चिन्ह वापरतात, गणितात बाण. कलेत ‘आणि’साठी टिंब, गणितात टोपी. विज्ञानाचा विद्यार्थी या कोष्टकांवरून स्विचेसची मंडलं जुळवतो. क्लॉड शॅनन या अमेरिकी तरुणाने १९३७मध्ये आपल्या प्रबंधात हीच वाट दाखवली होती आणि आजचा प्रत्येक संगणक तिच्यावर उभा आहे. म्हणजे एकाच कॉलेजात खालच्या मजल्यावर नाल, वरच्या मजल्यावर बाण, आणि दोन्ही एकच आहेत हे दोघांनाही कोणी सांगत नाही. कलेच्या मुलाला संगणकाशी असलेलं आपलं नातं कळत नाही. विज्ञानाच्या मुलाला आपण जे गिरवतो ते वाद तपासण्याचं साधन आहे, याचा पत्ता नसतो.

आता थोडं आत शिरतो. वर्गात मुलं सगळ्यात आधी अडखळतात ती या ‘जर-तर’पाशीच. ‘जर क, तर ख’ या विधानाच्या कोष्टकात चार ओळी. क खरं आणि ख खोटं, एवढ्या एकाच ओळीत सबंध विधान खोटं. उरलेल्या तिन्ही ओळींत खरं. क खोटं असतानाही विधान खरं कसं, असं विचारणारा एक तरी हात वर्गात वर होतो. त्याला बहुधा उत्तर मिळतं, “तशी व्याख्याच आहे, पाठ करा.” तो हात पुन्हा वर्षभर वर होत नाही.

खरं तर उत्तर आपल्याच खात्याच्या पावसाळ्यात आहे. समजा जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर केलं, ‘उद्या रेड अलर्ट आला तर शाळा बंद राहतील.’ अलर्ट आला, शाळा बंद राहिल्या. शब्द पाळला गेला. अलर्ट आला आणि तरी शाळा भरल्या, शब्द मोडला. अलर्ट आला नाही आणि शाळा भरल्या. तक्रारीचं कारणच नाही. आता चौथी शक्यता. अलर्ट आला नाही, तरीही शाळा बंद, कारण शाळेच्या इमारतीत मतदान केंद्र आहे. जिल्हाधिकारी खोटं बोलले का? नाही. अलर्ट नसेल तर काय होईल, याबद्दल ते काही बोललेच नव्हते. सोळा वर्षांचं मूल हे दोन मिनिटांत मान्य करतं आणि कोष्टक त्याला पाठ करावं लागत नाही.

अर्थात त्यालाही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. रोजच्या बोलण्यातल्या ‘जर-तर’ला कार्यकारणाचा वास असतो. कोष्टक तो पुसून टाकतं. ही काटछाट तर्कशास्त्रज्ञांनी जाणूनबुजून पत्करलेली आहे आणि तिच्यावरचा वाद जुना आहे. ग्रीसमध्ये इसवी सनापूर्वीच फिलो आणि डायोडोरस या दोन तत्त्वज्ञांत खऱ्या ‘जर-तर’वरून इतकी जुंपली होती, की छपरावरचे कावळेसुद्धा आता याच प्रश्नावर कावकाव करतात, अशी थट्टा कॅलिमाकस या कवीने केली होती. तेव्हा आमच्या वर्गातला तो वर झालेला हात मठ्ठ मुलाचा नसतो. तो फार जुन्या आणि फार चांगल्या संगतीत असतो.

या चौथ्या शक्यतेवर मी एवढा का रेंगाळतो आहे? कारण ती न कळल्यामुळे होणारी चूक माणसं आयुष्यभर करतात: ‘जर-तर’ उलटं वाचण्याची. आपल्याच सरकारच्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचं घ्या. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपेक्षा अधिक नसावं, ही अट गावोगाव पोचली. ती आवश्यक अट आहे, पुरेशी नाही. लाभ हवा असेल तर उत्पन्न मर्यादेत हवं, हे खरं. पण उत्पन्न मर्यादेत असलं की लाभ मिळतोच, असं नाही. वय २१ ते ६५ हवं, राज्यातला रहिवास हवा, घरात प्राप्तिकर भरणारं कोणी नको, चारचाकी नको, त्यातून ट्रॅक्टर वगळलेला. शिवाय पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला लागत नाही. हे वाक्य उलटं वाचणाऱ्या बाईला वाटेल, की आपलं कार्ड पांढरं, म्हणजे आपण बादच. तसं त्या वाक्यात कुठेही लिहिलेलं नाही; तिला दाखला जोडावा लागेल, इतकंच. असे अर्ज घरोघरी मोबाइलवर कोण भरून देतं? बहुतेक घरांत अकरावी-बारावीतलं मूल. ज्या वयात ते सत्यता कोष्टकाची ही ओळ गिरवतं, त्याच वयात ते आईच्या अर्जावर तीच ओळ वापरत असतं. या दोन गोष्टींची गाठ वर्गात घालून दिली जात नाही, एवढाच काय तो प्रश्न.

उलटं वाचण्याची ही खोड पकडण्याची एक युक्ती नवशिक्यालाही जमते. शंका आली, की त्याच साच्याचा दुसरा युक्तिवाद बनवायचा, ज्याची आधारविधानं उघड खरी आणि निष्कर्ष उघड खोटा. ‘चांगले डॉक्टर महाग असतात. हे डॉक्टर महाग आहेत. म्हणजे चांगले असणार.’ ऐकायला बरं वाटतं. आता त्याच साच्यात घाला: कावळे काळे असतात. ही म्हैस काळी आहे. म्हणजे ही कावळा असणार. वर्ग हसतो आणि साचा मोडलेला आहे हे वहीत एक चिन्हही न लिहिता कळतं. युक्तिवादाची युक्तता त्याच्या साच्यावर ठरते, विधानांच्या खरेपणावर नाही, हा तर्कशास्त्राचा पहिला धडा या म्हशीच्या पाठीवर बसून नीट शिकवता येतो. चिन्हं त्यानंतर यावीत. तेव्हा ती ओझं वाटत नाहीत, सोय वाटतात.

हे माझं शिक्षकी मत झालं. पण याला प्रयोगांचाही आधार आहे आणि तो आमच्या विषयाला थोडा अडचणीचाच आहे. पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६६मध्ये चार पत्त्यांचं एक कोडं मांडलं. त्याचं देवनागरी रूप असं: प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. समोर दिसतात अ, क, ४ आणि ७. नियम: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. नियम खरा की खोटा हे ठरवायला कमीत कमी कोणते पत्ते उलटून पाहायचे? बहुतेक लोक अ आणि ४ म्हणतात. बरोबर उत्तर अ आणि ७. चारच्या मागे काहीही असलं तरी नियम मोडत नाही. सातच्या मागे स्वर निघाला तर मात्र मोडतो. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांतही हे दहांत जेमतेम एखाद्याला जमलं. (मंत्रिमहोदय, आपल्या कार्यालयात करून पाहावं. निकाल जाहीर करू नये.) पुढे १९८२मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी फ्लोरिडात तोच साचा दुसऱ्या कपड्यांत घातला: बिअर पिणारा माणूस एकोणीस वर्षांच्या वरचा असला पाहिजे, तर पोलिसाने कोणाला तपासावं? बिअर पिणाऱ्याला आणि अल्पवयीनाला. जवळजवळ चारांतल्या तिघांनी बरोबर सांगितलं. साचा तोच, संदर्भ ओळखीचा.

अडचण पुढे आहे. १९८६मध्ये पॅट्रिशिया चेंग, कीथ होलिओक, रिचर्ड निस्बेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं, की विद्यापीठातला तर्कशास्त्राचा सबंध सत्र चालणारा प्राथमिक अभ्यासक्रम केल्यावर मुलं असली कोडी जास्त चांगली सोडवतात का. फरक नगण्य निघाला. नुसता अमूर्त नियम शिकवूनही फारसं साधलं नाही, नुसती उदाहरणं देऊनही नाही; नियम आणि उदाहरणं एकत्र दिली तेव्हा फरक दिसला. आमच्या विषयाच्या एखाद्या अभिमान्याला हे टोचेल. मला ते दिलासा देणारं वाटतं. कोष्टकं गिरवून मुलं विचार करायला शिकत नाहीत, हा अनुभव आपल्याकडचाच नाही, आणि उपायही दिसतो आहे. यावरून काही शिक्षणतज्ज्ञ म्हणतात, की मग अमूर्त साचा सोडूनच द्या, सगळं परिसरातून शिकवा. ते मला पटत नाही. ओळखीच्या गोष्टीत शहाणपण दाखवणं माणसाला शाळेशिवायही येतं. अनोळखी गोष्टीत, विमा कंपनीच्या बारीक टायपात, औषधाच्या जाहिरातीत, ते वापरता यावं म्हणून साचा हवा.

नियम आणि उदाहरण एकत्र असावं, ही मागणी आपल्याकडे कोणी केली होती, तर नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी. न्यायसूत्रांतल्या अनुमानाची पाच अंगं: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. या डोंगरावर तसाच धूर आहे. म्हणून आग आहे. उदाहरण दिल्याशिवाय तुमचा नियम मान्य होणार नाही, असा हा दंडक. त्याचबरोबर तो उलटा करू नका, ही ताकीदही. जिथे आग तिथे धूर, असं म्हणाल तर तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा समोर ठेवला जाईल: आग आहे, धूर नाही. धूर येतो तो ओलं जळण असेल तर. वेसनच्या पत्त्यांवर, अडीच लाखांच्या अटीवर आणि म्हशीवर जी चूक झाली तीच ही, आणि तिला नाव देऊन ठेवलेलं आहे: व्यभिचारी हेतू, हेत्वाभासाचा, म्हणजे फसव्या कारणाचा, एक प्रकार.

हे लिहिताना मला एक धास्ती वाटते. भारतीय ज्ञानपरंपरा अभ्यासक्रमात आणायचं सध्या ठरलेलं आहे. तर्कशास्त्राच्या पुस्तकात ‘आपल्याकडे हे सगळं आधीच होतं’ असा एक गौरवाचा धडा घुसवला गेला तर तो सगळ्यात वाईट परिणाम असेल. न्यायाचं अनुमान आणि फ्रेगे या जर्मन तर्कशास्त्रज्ञाने १८७९मध्ये उभं केलेलं आकारिक तर्कशास्त्र या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नैयायिकाला ज्ञान कसं होतं याची चिंता आहे, फ्रेगेला सिद्धतेत कुठे भेग राहू नये याची. दोघांना आमनेसामने बसवलं तर दोघांचंही मोल कळतं. हे महाराष्ट्रात झालेलंही आहे. १९८३मध्ये पुण्यात दया कृष्ण आणि मे. पुं. रेगे या तत्त्वज्ञांच्या पुढाकाराने न्यायशास्त्रातले पंडित आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक एकत्र बसले. ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलची विधानाविषयीची मतं संस्कृतात पंडितांपुढे ठेवली गेली आणि पंडितांनी ती आपल्या शास्त्राच्या कसोटीवर तपासली. कोणी कोणाचा सत्कार केला नाही, प्रश्न विचारले. परंपरा शिकवायची असेल तर अशी शिकवावी. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ओळखली जाणारी वाई, अमळनेर आणि पुणे ही गावं ज्या राज्यात आहेत त्याला हे परकं नाही.

न्यायाकडून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे, ती म्हणजे पूर्वपक्ष. आधी समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं, की त्यालाही ‘हो, हेच माझं म्हणणं’ असं वाटावं, खंडन त्यानंतर. वाद, जल्प आणि वितंडा हा भेदही तिथलाच: सत्य शोधायला तो वाद, जिंकायला तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त पाडायचं ती वितंडा. रात्री नऊनंतर वाहिन्यांवर यातलं काय चालतं, हे बारावीच्या मुलांना विचारून पाहा; व्याख्या एकदा सांगितली की त्यांना लगेच ओळखता येतं.

आता मागणी. तर्कशास्त्राच्या ऐंशी गुणांच्या प्रश्नपत्रिकेत दहा गुणांचा एक अपठित उतारा द्या. मराठीच्या पेपरात असतो तसाच, फरक इतकाच की उतारा युक्तिवादाचा हवा. नमुना म्हणून: ‘गावात मोबाइलचा टॉवर आल्यापासून चिमण्या दिसेनाशा झाल्या. टॉवर येण्यापूर्वी दर घराच्या वळचणीला घरटं असे. ग्रामपंचायतीने टॉवर हटवलाच पाहिजे, कारण पाखरं गेली की शेतीही जाते.’ प्रश्न: निष्कर्ष लिहा. त्याला दिलेली आधारविधानं लिहा. लेखकाने न सांगता गृहीत धरलेली एक गोष्ट लिहा. कोणती माहिती मिळाली तर हा युक्तिवाद बळकट होईल, कोणती मिळाली तर ढासळेल? शेवटी, लेखकाच्या बाजूने पूर्वपक्ष दोन वाक्यांत मांडा.

मुलांना इथे कळेल, की मराठीत निष्कर्ष शेवटीच येतो असं नाही. तो पुष्कळदा मध्ये बसतो आणि आधार ‘कारण’ला धरून मागून येतो. ज्या काळात टॉवर आला त्याच काळात कौलारू घरं जाऊन स्लॅब आले असतील, तर वळचणीच गेल्या, हे एखादी मुलगी लिहील. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडणं म्हणजे काय, हे तिला म्हणीपलीकडे कळलेलं असेल. ‘शितावरून भाताची परीक्षा’ कधी चालते, हेही एखादा उतारा विचारू शकेल. ती चालते, कारण सगळी शितं एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. एका माणसावरून त्याच्या जातीची किंवा गावाची परीक्षा करणाऱ्याकडे असं पातेलं नसतं.

आक्षेप मला ठाऊक आहे. अशा प्रश्नाला एकच उत्तर नसतं, तपासायचं कसं? पण निष्कर्ष आणि आधारविधानं ओळखण्याचं उत्तर नेमकं असतं, त्यात मतभेदाला फार जागा नाही. गृहीतकाच्या प्रश्नाला दोन-चार उत्तरं बरोबर असू शकतील. निबंध तपासणाऱ्या राज्याला एवढं पेलायला हवं. दुसरा आक्षेप, की विषय मग ‘स्कोअरिंग’ राहणार नाही आणि मुलं तो घेणार नाहीत. दहाच गुण मागतोय. सत्तर तसेच राहतील, पेढेही राहतील.

आणखी एक छोटी मागणी, बिनखर्चाची. गणिताच्या आणि तर्कशास्त्राच्या, दोन्ही पुस्तकांत एकेक पान घाला, की नाल आणि बाण एकच, टिंब आणि टोपी एकच. गणिताच्या प्रकरणाला एक अपठित युक्तिवादही जोडता आला तर उत्तम. विज्ञान आणि वाणिज्यची मुलं पुढे बँकेच्या आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना बसतात आणि ‘सर्व पेने पुस्तके आहेत’ छापाचे युक्तिवाद क्लासमध्ये पैसे मोजून, वेन आकृत्यांच्या युक्त्या म्हणून शिकतात. ज्या राज्यात हा विषय बारावीला शिकवला जातो तिथे हे घडतं.

शिक्षकांचं आपण विचाराल. कला शाखेच्या वर्गांना ओहोटी लागली आहे आणि तर्कशास्त्राचा शिक्षक निवृत्त झाला की ती जागा भरली जाईलच याची खात्री कोणी देत नाही. त्यावर निराळं पत्र लिहावं लागेल. पण जे शिकवत आहेत त्यांना उतारा शिकवायला नवं प्रशिक्षण लागणार नाही. रोजचं वर्तमानपत्र आणि शासन निर्णयांचं संकेतस्थळ पुरेल.

नवी समिती नको, नवं पुस्तक नको, निधी तर नकोच. प्रश्नपत्रिकेचा आराखडा पुढच्या वेळी ठरेल तेव्हा मंडळाला हे दहा गुण सुचवावेत, एवढीच विनंती आहे.

आपला नम्र,
तर्कशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक